प्रकल्प नोंदी: नामकोशातले हाइन्रिख

२ मार्च २०२४, शनिवार

आमच्या नामकोशातलं 'ह' अक्षर हातात घेतलं. हर्मान आणि हान्स तासाभरात उरकले, हाइन्रिखपाशी (इंग्रजीत हेन्री) गाडी रुतली. भाच्याने तीन जुन्या याद्या एकत्र करून तक्ता पाठवला होता, एकूण १८७ ओळी. चौथीच ओळ वाचली आणि चहाचा कप खाली ठेवला:

'हेन्री चौथा. जन्म १०५०. पोपची माफी मागण्यासाठी कानोसाच्या किल्ल्याबाहेर तीन दिवस थंडीत उभा राहिला. १६१० मध्ये पॅरिसमध्ये खून.'

साडेपाचशे वर्षांहून जास्त आयुष्य! चिरंजीव सातच असं लहानपणापासून पाठ आहे. हा आठवा आम्ही तयार केला.

झालं असं की नाव आणि क्रमांक जुळला की दोन ओळींची एक करायची, अशी सूचना मीच भाच्याला दिली होती. जर्मन चौथा हाइन्रिख जानेवारी १०७७ मध्ये कानोसाला गेला आणि ११०६ मध्ये लिएजला वारला. पॅरिसच्या रस्त्यात रावाय्याकने भोसकला तो फ्रान्सचा चौथा आंरी. यादी पुढे चाळली तर इंग्लंडचा चौथा हेन्री (१३९९ ते १४१३) आणि स्पेनमधल्या कास्तीय राज्याचा चौथा एन्रिके, म्हणजे राणी इसाबेलाचा सावत्र भाऊ, हेही त्याच ओळीच्या पोटात गेलेले. चार देशांचे चार चौथे एका खोलीत.

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, तू सांगितलंस तेच केलं मी." खरं आहे. ओळी परत सुट्या करून घेतल्या. आता १९३.

३ मार्च, रविवार

बाईंना पहिला खर्डा पाठवला होता. बाई आमच्या नामकोशाच्या संपादक. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, लाल पेन अजून सुटलेला नाही. दुपारी फोन आला. "हे 'हेन्री चौथा' काय आहे? आपण 'बाजीराव दुसरा' म्हणतो का रे?"

नाही म्हणत. दुसरा बाजीराव, थोरले माधवराव, सवाई माधवराव. मराठीत ओळख पुढे आणि नाव मागे. उलटा क्रम पाठ्यपुस्तकांतून कानात बसला आहे म्हणून खटकत नाही, एवढंच. बाईंचं मान्य केलं. 'चौथा हाइन्रिख' असंच लिहायचं.

पण असं लिहिलं की यादी अकारविल्हे लावताना पंचाईत. चौथा, तिसरा, दुसरा, पहिला, पाचवा, सहावा, सातवा या क्रमाने राजे उभे राहतात आणि पणजोबाच्या आधी पणतू येतो. भाच्याने एक लपवलेला रकाना केला. त्यात नाव, मग राज्य, मग अंक. वाचकाला दिसणार नाही, यंत्र त्यावरून रांग लावेल.

७ मार्च, गुरुवार

आजचा विषय वर्तनी. तक्त्यात सापडलेली रूपं: हेन्री, हेनरी, हेन्रिक, हाइनरिख, हाईन्रिश, हाइन्रिख. शेवटचं दोनदा, डोळ्याला हुबेहूब सारखं, पण शोध घेतला की एकच सापडे. अर्धा तास त्यात गेला. एका ठिकाणी नावाच्या मध्येच कुणीतरी झिरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडणारं, रुंदी नसलेलं चिन्ह) टाकलेला. दिसत नाही, पण यंत्राला दिसतो. सगळीकडून उपटून काढला.

जर्मन उच्चारात शेवटचा आवाज 'ख' नाही आणि 'श'ही नाही. टाळूजवळ घासून निघणारा 'ह' म्हणावा तर थोडा जवळ जातो. देवनागरीत त्याला अक्षर नाही. 'हाइन्रिख' वाचायला सोपं आणि मराठीत बऱ्यापैकी रुळलेलं, म्हणून तेच.

धोरण ठरलं: ज्या भूमीचा माणूस, तिथलं रूप. जर्मन तो हाइन्रिख, इंग्रज हेन्री, फ्रेंच आंरी, कास्तीयचा एन्रिके, पोर्तुगीज एन्रिक. बाईंनी एका शब्दात कळवलं, "बघू." हा शब्द त्यांच्याकडून आला की सावध व्हावं.

मूळ नाव एकच. जुन्या जर्मनमध्ये 'हाइम' म्हणजे घर आणि 'रिख' म्हणजे सत्ताधीश. घरधनीच म्हणा ना.

१० मार्च, रविवार

आजचा दिवस मोठा गेला. सहा-सात राजे आहेत, क्रमांक घालून संपवू, असं म्हणून बसलो होतो.

पहिला हाइन्रिख सॅक्सनीचा. ९१९ मध्ये राजा झाला, ९३६ मध्ये मेमलेबेनला वारला, क्वेडलिनबुर्गला पुरला. राजपदाच्या वरचं, पवित्र रोमन साम्राज्याचं सम्राटपद त्याला कधी मिळालं नाही. दुसरा १००२ मध्ये राजा आणि १०१४ मध्ये सम्राट. १००७ मध्ये बांबेर्गचं बिशपपीठ त्याने उभं केलं आणि ११४६ मध्ये चर्चने त्याला संत ठरवलं. तिसरा, चौथा, पाचवा हे सालियन घराण्यातले आजोबा, बाप आणि नातू. सहाव्याने इंग्लंडच्या सिंहहृदयी रिचर्डला कैदेत ठेवून खंडणी घेतली आणि ११९७ मध्ये मेसिनाला प्राण सोडला.

इथवर सरळ. मग चौथ्याच्या सनदांचं वर्णन वाचलं. सम्राट झाल्यावर (१०८४) तो स्वतःला लिहितो 'तिसरा'. चूक नाही त्याची. राजे मोजले तर तो चौथा. सम्राट मोजले तर पहिला हाइन्रिख गळतो आणि हा तिसरा होतो. म्हणजे ज्या आकड्याने आपण त्याला ओळखतो, तो त्याच्या स्वतःच्या शिक्क्यावर वेगळा आहे.

हे पचतंय तोवर बव्हेरियाची यादी उघडली. तिथल्या सरदारकीचे क्रमांक वेगळे, आणि माणसं तीच. संत झालेला दुसरा हाइन्रिख बव्हेरियात चौथा. सम्राट तिसरा तिथे सहावा. कानोसावाला चौथा तिथे आठवा, आणि तेही तीन वर्षांचं पोर असताना. सिंह हाइन्रिख, ज्याने ११५८ मध्ये म्यूनिकचा बाजार वसवला, तो बव्हेरियात बारावा आणि सॅक्सनीत तिसरा. त्यावर कडी म्हणजे बव्हेरियाचा सातवा हाइन्रिख लक्झेंबुर्ग घराण्यातला होता (१०४२ ते १०४७), आणि पुढे अडीचशे वर्षांनी सम्राट झालेला सातवा हाइन्रिखही लक्झेंबुर्गचाच. 'लक्झेंबुर्गचा सातवा हाइन्रिख' एवढं लिहिलं तर वाचकाने कोणता धरायचा?

म्हणून क्रमांकाचा रकाना एक नाही, तीन: राजा म्हणून, सम्राट म्हणून, प्रांताचा धनी म्हणून. भाचा म्हणाला, "म्हणजे नंबर हा माणसाचा नाही, खुर्चीचा." ट्रेनमधल्या सीटसारखं, असंही म्हणाला. लिहून ठेवलं, कारण त्याच्या तोंडून असं काही क्वचित निघतं.

चौथ्याच्या ओळीत एक गोष्ट 'टीप' रकान्यात बसवली. चर्चने बहिष्कृत केलेल्या अवस्थेत मेल्यामुळे त्याला पवित्र जमिनीत पुरता येईना. श्पायरच्या कॅथेड्रलला लागून असलेल्या, अजून अभिषेक न झालेल्या एका चॅपेलमध्ये त्याची शवपेटी पाच वर्षं नुसती ठेवलेली होती. ११११ मध्ये बहिष्कार उठला तेव्हा कुठे बाप आणि आजोबांशेजारी जागा मिळाली. बंड करून त्याला गादीवरून खेचणारा मुलगा, पाचवा हाइन्रिख, तोही आता तिथेच शेजारी आहे.

१६ मार्च, शनिवार

आज तक्त्यात दोन सातवे दिसले. हे नवीन नव्हते, नवीन झाले होते. भाच्याच्या साफसफाईच्या आज्ञावलीने सगळे कंस 'कचरा' म्हणून काढले होते.

हा कंस मात्र कचरा नाही. जर्मन इतिहासकार 'हाइन्रिख (सातवा)' असं लिहितात, आणि त्या दोन कमानींत एका माणसाचं आयुष्य मावलं आहे. सम्राट दुसऱ्या फ्रीडरिखचा हा थोरला मुलगा. जन्म १२११, सिसिलीत. बाप जिवंत असतानाच, १२२० मध्ये, जर्मन राजा म्हणून निवडला गेला, वय नऊ. मोठा झाल्यावर जर्मन सरदारांशी त्याचं बिनसलं, मग बापाशी बिनसलं, मग उघड बंड. १२३५ मध्ये बापाने गादीवरून उतरवला आणि इटलीत नेऊन कोंडला. १२४२ मध्ये कॅलाब्रियात एका कैदेतून दुसरीकडे नेताना घोड्यासकट दरीत पडून मेला. स्वतःच उडी घातली, असंही सांगतात.

पुढे १३०८ मध्ये लक्झेंबुर्गचा हाइन्रिख राजा झाला तेव्हा या पदच्युत पोराला कुणी मोजलंच नाही आणि नव्याला 'सातवा' हा क्रमांक मिळाला. आता इतिहासकारांना जुन्याला गाळताही येईना आणि आकडा देताही येईना. म्हणून कंस. पंगतीत पान मांडायचं, पण ओळीच्या जरा बाहेर.

नवा सातवा तसा नशीबवान. १३१२ मध्ये रोममध्ये सम्राट झाला, दुसऱ्याच वर्षी सिएनाजवळ वारला आणि पिसाला पुरला. पण दांतेने त्याच्याकडे डोळे लावले होते. 'दिव्यकाव्या'च्या स्वर्गखंडात त्याच्यासाठी एक रिकामं आसन राखून ठेवलेलं आहे, वर मुकुट ठेवून. कवी पाठीशी असला की कंस लागत नाही.

बाईंना हे फोनवर सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अरे, आणि ज्यांना कंससुद्धा मिळाला नाही ते?" आहेत तसे. तिसऱ्या कॉनराडचा मुलगा हाइन्रिख बेरेंगार, ११४७ मध्ये सहराजा झाला आणि ११५० मध्ये बापाच्या आधी गेला. थुरिंगियाचा हाइन्रिख रास्पे, १२४६ मध्ये पोपच्या बाजूने उभा केलेला प्रतिराजा. लोक त्याला पाद्र्यांचा राजा म्हणून चिडवायचे, आणि नऊ-दहा महिन्यांत तोही गेला. दोघांच्या ओळी ठेवल्या, अंकाच्या रकान्यात आडवी रेघ.

भाच्याला ताकीद: कंसाला हात लावायचा नाही.

२४ मार्च, रविवार (होळी)

खाली सोसायटीत लाकडं रचणं चाललंय, आणि मी रॉयस घराण्यात अडकलोय. हे प्रकरण मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

थुरिंगियातलं हे छोटं राजघराणं. फोग्टलंडच्या मुलखात बादशाही कारभारी म्हणून मूळ पुरुषांनी जम बसवला. सम्राट सहाव्या हाइन्रिखच्या उपकाराची आठवण म्हणून, असं घराणं सांगतं, त्यांनी प्रत्येक मुलाचं नाव हाइन्रिख ठेवायला सुरुवात केली. थोरल्याचं नव्हे, प्रत्येकाचं. चार भाऊ असले तर चारही हाइन्रिख. चुलतेही हाइन्रिख, पुतणेही हाइन्रिख. जन्मताच अंक मिळायचा, मग पोर राज्य करो वा पाळण्यातच जावो.

घराण्याच्या दोन शाखा. याद्यांत 'सीनियर' आणि 'ज्युनियर' लिहिलेलं. यासाठी मराठीत शब्द शोधायची गरजच नव्हती: थोरली पाती आणि धाकटी पाती. देवासच्या पवारांच्या दोन संस्थानांना आपण हेच म्हणत आलोय. बाई खूश.

थोरल्या पातीचा (राजधानी ग्राइत्स) नियम असा की शंभरपर्यंत मोजायचं आणि मग पुन्हा एकपासून. धाकट्या पातीचा (राजधानी गेरा) नियम की शतक बदललं की पुन्हा एकपासून. थोरल्यांना शंभर गाठायचे होते. पाती २४ व्यावर संपली. धाकट्यांनी एकट्या अठराव्या शतकात पंचाहत्तरी गाठली.

आमच्या तक्त्यात एक तपासणी आहे: एकाच गादीवर नंतर आलेल्याचा अंक आधीच्याहून लहान असेल तर ओळ लाल होते. धाकट्या पातीचं पान उघडलं तर रंगपंचमी. लोबेनश्टाइन-एबर्सडोर्फच्या गादीवरचा ७२ वा हाइन्रिख १८४८ च्या धामधुमीत पायउतार झाला. त्याचा मुलूख श्लाइत्सच्या ६२ व्याकडे गेला. त्याच्यामागून त्याचा भाऊ ६७ वा. मग ६७ व्याचा मुलगा १४ वा. मग त्याचा मुलगा २७ वा, ज्याने १९१८ मध्ये राज्य सोडलं. ७२, ६२, ६७, १४, २७. मटक्याचे आकडे वाटावेत, पण प्रत्येक बरोबर आहे. १४ वा जन्मला १८३२ मध्ये, नव्या शतकाच्या मोजणीत, म्हणून लहान अंक.

७२ हा युरोपात प्रत्यक्ष राज्य केलेल्या कुणाच्याही नावापुढचा सर्वांत मोठा आकडा. राज्य केवढं? एकोणिसाव्या शतकाअखेर दोन्ही पात्या मिळून साधारण १,१४० चौरस किलोमीटर. थोरली त्यात जेमतेम ३१६. आपल्याकडचे बहुतेक तालुके थोरलीहून मोठे.

तपासणी या घराण्यापुरती बंद करायला सांगितली. भाचा म्हणाला, "मामा, होळीला तरी सोड." सोडलं. पोळी खायला गेलो.

२५ मार्च, सोमवार

रॉयस, पुढे चालू. आज २४ वे हाइन्रिख वेगळे काढले. तीन निघाले.

एक, एबर्सडोर्फचा, १७२४ ते १७७९. याची मुलगी आउगुस्टा साक्स-कोबुर्गला दिली. आउगुस्टाच्या एका मुलीची मुलगी म्हणजे राणी व्हिक्टोरिया, आणि एका मुलाचा मुलगा म्हणजे तिचा नवरा अल्बर्ट. ज्या बाईच्या नावाने बोरीबंदरचं स्टेशन शंभरहून जास्त वर्षं ओळखलं गेलं, तिच्या आजीचा बाप हा.

दुसरा, कोस्ट्रित्स शाखेचा, १८५५ ते १९१०. हा संगीतकार, सिम्फनी लिहिल्या.

तिसरा, थोरल्या पातीचा शेवटचा, १८७८ ते १९२७. लहानपणापासून आजारी, त्यामुळे १९०२ मध्ये बाप (२२ वा) गेल्यावर नावापुरता राजा आणि कारभार दुसऱ्यांकडे. याचीच बहीण हेर्मिने. १९२२ मध्ये हॉलंडमधल्या डोर्नला पदच्युत कैसर दुसऱ्या विल्हेल्मशी तिने लग्न केलं. मुलींना नावं ठेवताना घराण्याने कल्पकता वापरलेली दिसते.

तिघांना अंकाने वेगळं करता येत नाही, म्हणून शाखा आणि सालं नावाला जोडली. इथे आकडा काहीच सांगत नाही, गाव सांगतं.

३० मार्च, शनिवार

टोपणनावांचा दिवस. अंक फसवतात तिथे लोकांनी दिलेली नावं कामाला येतात, पण ती मराठीत आणताना हात जपावा लागतो.

बव्हेरियाचा दुसरा हाइन्रिख, संताचा बाप, 'भांडकुदळ'. यावर एकमत. चुलतभावाविरुद्ध बंड केलं, तो मेल्यावर ९८४ मध्ये त्याचं लहान पोर, म्हणजे तिसरा ऑटो, ताब्यात घेऊन बसला. भांडकुदळ सौम्यच म्हणायचा.

सिंह हाइन्रिख आणि त्याचा बाप 'गर्विष्ठ'. सोपं.

अडकलो पहिल्यापाशी. दंतकथा अशी की राजपदाचा निरोप घेऊन लोक आले तेव्हा हा पाखरांसाठी जाळं लावत बसला होता. बाईंनी 'पारधी' सुचवलं. मी अडलो. पारधी हे आपल्याकडे एका समाजाचं नाव आहे आणि त्या समाजाने त्या नावापायी जे सोसलं ते सॅक्सनीच्या राजाच्या गळ्यात कशाला? बाईंनी लगेच ऐकलं. 'पाखरं धरणारा हाइन्रिख' ठरलं. लांब आहे, पण चित्र उभं राहतं.

पोर्तुगीज एन्रिक भराभर झाले. दर्यावर्दी राजपुत्र एन्रिक (१३९४ ते १४६०), ज्याचा सख्खा मामा इंग्लंडचा चौथा हेन्री. आणि कार्डिनल एन्रिक, १५७८ ते १५८० राजा. त्याआधी अनेक वर्षं तो पोर्तुगालचा इन्क्विझिशन-प्रमुख (पाखंड शोधून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायासनाचा मुख्य) होता. १५६० मध्ये गोव्यात ते न्यायासन बसलं तेव्हाही. गोव्याच्या वाचकाला हा एन्रिक बाकी सगळ्या हाइन्रिखांपेक्षा जवळचा, आणि नकोसा. त्याची टीप नेहमीपेक्षा दोन ओळी लांब ठेवली.

६ एप्रिल, शनिवार

जर्मनमध्ये 'हिंत्स उंड कुंत्स' म्हणजे आपले सोम्यागोम्या. हिंत्स हे हाइन्रिखचं लघुरूप, कुंत्स हे कॉनराडचं. राजांची नावं इतकी लोकांत पसरली की गल्लीत दगड मारला तर यांपैकी एकाला लागेल.

सालियन घराण्यात हीच दोन नावं आलटून पालटून येतात. चौथ्या हाइन्रिखचंही नाव आधी कॉनराड ठेवायचं होतं, आजोबाचं, नंतर बदललं. तसंच राहिलं असतं तर माझ्या २ मार्चच्या ओळीत निदान कानोसावाला तरी अडकला नसता.

सगळ्या ओळी एकदा वाचून काढल्या. सात टंकनचुका, दोन सालांची अदलाबदल. बाईंकडे पाठवलं.

९ एप्रिल, मंगळवार (पाडवा)

सकाळी गुढी उभारून होते न होते तोच बाईंचा फोन. 'बघू'चा दिवस उजाडला होता.

"माटिल्डाच्या थडग्यावरच्या ओळी वाचल्यास का?"

नव्हत्या वाचल्या. इंग्लंडच्या पहिल्या हेन्रीची ही मुलगी. अकरा-बारा वर्षांची असताना, १११४ मध्ये, पाचव्या हाइन्रिखशी लग्न झालं, ११२५ मध्ये विधवा झाली. दुसऱ्या लग्नातून झालेला मुलगा इंग्लंडचा दुसरा हेन्री. ११६७ मध्ये गेली. तिच्यासाठी कोरलेल्या लॅटिन ओळींचा अर्थ साधारण असा: जन्माने थोर, लग्नाने अधिक थोर, आणि अपत्याने सर्वांत थोर, इथे हेन्रीची लेक, हेन्रीची बायको आणि हेन्रीची आई विसावली आहे.

लॅटिनमध्ये 'हेन्रिकी' (हेन्रिकुसची, म्हणजे हेन्रीची) हा शब्द एकदाच आलाय आणि तिन्ही नात्यांना पुरलाय. सगळी गंमत त्या एका शब्दात. आमच्या धोरणाप्रमाणे लिहिलं तर होतं: हेन्रीची लेक, हाइन्रिखची बायको, हेन्रीची आई. बरोबर, आणि मेलेलं.

"धोरण मोडू या का?" मी विचारलं.

"मोडायचं कशाला? तिच्या ओळीत लॅटिन रूप ठेव. तिचं थडगं, तिची भाषा. तिथून तिघांकडे दुवे दे."

तसं केलं. तिच्या टिपेत आता एकच हेन्रिकुस आहे आणि त्याखाली तीन दुवे: बाप 'हे'मध्ये, नवरा 'हा'मध्ये, मुलगा पुन्हा 'हे'मध्ये. भाच्याने तपासून पाहिलं, तिन्ही उघडतात.

'ह' बंद. एकूण २०४ ओळी, पाच ठिकाणी आडवी रेघ, एक कंस.

श्रीखंड खाऊन 'म' उघडलं. पहिल्याच पानावर माटिल्डा चार, आणि त्यातली एक कानोसाच्या किल्ल्याची मालकीण.